टॉवेलची कड

भद्रावती पेठेत शेजारचा माग थांबतो रात्री साडेदहाला,
मग आम्ही हॉटेल निवडायला बसतो.
मोबाइल एक, डोकी चार,
आणि चार्जरची वायर आखूड,
म्हणून सगळे भिंतीला टेकून
गादीच्या एकाच कोपऱ्यात.

पार्क ठरलंय, त्यात वाद नाही.
हारिकाच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीत जाऊन आली
तेव्हापासून पाळण्यांची नावं
आमच्याकडे पाढ्यांसारखी पाठ.
प्रश्न फक्त एका रात्रीचा आहे.

पहिलं हॉटेल म्हणतं, गेटपासून पाच मिनिटं.
कुणाची पाच मिनिटं? नरहरी विचारतो.
चरणची पाच मिनिटं म्हणजे
तीन दगड, एक कुत्रं,
आणि चपलेचा निघालेला बंद.

दुसऱ्यात नाश्ता फुकट, पण खोली दुपारी दोनला.
गाडी तर पहाटेच उतरवणार.
तोवर दोन पोरं, तीन पिशव्या
आणि डब्यातल्या कडक भाकऱ्या घेऊन
कुठल्या झाडाखाली बसायचं?

तिसऱ्यात पाचच्या आतल्या मुलाचे पैसे नाहीत.
चरण जूनमध्ये पाचचा होतो.
म्हणून मे. म्हणून हे ऊन.
पार्कवाले मात्र वय विचारत नाहीत, उंची बघतात:
एकशे पाचपर्यंत फुकट,
मोठ्या पाळण्याला एकशेवीस हवी.
मी शिलाईची टेप काढली,
दोघांना दाराच्या चौकटीला उभं केलं.
चरणला म्हटलं, जरा ढिला उभा राहा.
हारिकाला म्हटलं, ताठ, अजून ताठ.
चरण एकशे सहा. केस दाबले, तरी एकशे सहा.
"टेप जुनी आहे," मी म्हटलं, "ओढून ओढून ताणलीय."
नरहरी हसला, "मग तर तो अजून उंच निघेल की!"
हारिका एकशे अठरावर अडली होती.
ती हसली नाही.

चौथ्या हॉटेलच्या फोटोत
पलंगावर टॉवेलचा हंस.
पोरं ओरडली. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला,
मानेपाशी, जिथे कापड दुमडलंय.
तीन रेघांची पट्टी,
कडेला दुहेरी टाका, कोपऱ्यात उलटी शिलाई.
हा आमचा माल.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये सहा वर्षं
मी हीच कड मारतेय.
पांढरा, बिननक्षीचा, 'हॉटेल माल' म्हणतात त्याला.
गठ्ठे टेम्पोत चढतात आणि कुठे जातात
हे मी कधी विचारलं नव्हतं,
जसं कुणी नदीला विचारत नाही.
घरी येतो तो सेकंड:
धागा सुटलेला, पट्टी वाकडी.
त्यानेच पुसून मोठी झाली ही दोघं.

"हेच," मी म्हटलं.
"आठशे जास्त आहेत," नरहरी म्हणाला,
"गेटही दोन किलोमीटर."
आठशे म्हणजे माझे दोन दिवस.
दोन दिवसांत किती कडा होतात ते मला माहीत आहे,
मी सांगितलं नाही.
त्यानेही पुढे विचारलं नाही,
नुसतं कार्ड शोधायला उठला.

चरण अर्धवट झोपेत.
"अम्मा, हंसाला तिथं पाणी असेल?"
असेल की.
"पाचव्या दिवशी?"
नाही रे, रोज. नळ उघडला की.
त्याला ते खरं वाटलं नाही,
पण झोप आली.

माग थांबला की कानात एक पोकळी राहते.
त्या पोकळीत मी सामानाची यादी करते:
टोप्या, ओआरएस, शेंगाचटणी,
हारिकाचे जाड तळव्यांचे बूट,
त्यात घालायला पुठ्ठ्याचे दोन तुकडे
(हे तिला आत्ताच सांगायचं नाही).
आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात
पांढरा दोरा, एक सुई.
पोरं हंस मोडू देणार नाहीत, माहीत आहे.
ती झोपली की मी तो उकलणार,
चारही कडा बोटांनी चाचपणार.
एखादा टाका सुटला असला तर
तिथंच, त्या महागड्या दिव्याखाली,
घालून टाकीन.